पोर्तुगाल स्पेनपासून सुटला कसा, आणि त्यात मुंबई कुठून आली?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला, शाळेत शिकवलं की पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली, पण पोर्तुगाल तेव्हा एवढी मोठी समुद्री सत्ता होती तर हातातलं बंदर असं देऊन का टाकेल. दुसरा, पोर्तुगाल स्पेनपासून १६४० ला स्वतंत्र झाला असं एका पुस्तकात आणि १६६८ ला झाला असं दुसऱ्यात वाचलं, तर बरोबर कुठलं. मी वसई-साष्टीच्या पोर्तुगीज काळावर काम करतो, कॉलेजात बरीच वर्षं इतिहास शिकवलाय, त्यामुळे दोन्ही प्रश्न वेगवेगळे बरेचदा ऐकलेत. खरं म्हणजे तो एकच प्रश्न आहे. १६४० आणि १६६८ च्या मधली जी अठ्ठावीस वर्षं आहेत ना, त्यातच मुंबई गेली, आणि ती लग्नामुळे गेली असं म्हणण्यापेक्षा युद्धामुळे गेली असं म्हणणं जास्त खरं आहे. ते युद्ध आपल्याकडे कोणी शिकवत नाही म्हणून लग्नाचा किस्सा तेवढा लटकत राहतो.

आधी पोर्तुगाल स्पेनकडे गेला कसा ते बघू. १५७८ मध्ये पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव, वय चोवीस, लग्न नाही, मूल नाही, मोरोक्कोत अल्कासर किबीरच्या लढाईत मारला गेला, सोबत देशातली निम्मी सरदार घराणी एकतर मेली किंवा कैदेत पडली. त्याच्यामागे गादीवर आला त्याचा म्हातारा चुलतआजोबा, तोही कार्डिनल, म्हणजे लग्न न करणारा बडा धर्मगुरू, त्याला मूल होऊन वारस मिळायचा प्रश्नच नाही, तो १५८० च्या जानेवारीत गेला. मग स्पेनचा फिलिप दुसरा पुढे आला. त्याची आई पोर्तुगालची राजकन्या, त्यामुळे हक्क अगदीच बनावट नव्हता, आणि हक्काच्या जोडीला त्याने फौजही पाठवली. १५८० च्या ऑगस्टमध्ये लिस्बनजवळ अल्कांताराला लढाई झाली, दुसरा दावेदार आंतोनियू हरला, आणि १५८१ मध्ये तोमार गावात भरलेल्या सभेने फिलिपला पोर्तुगालचा राजा म्हणून मान्य केलं.

तोमारला फिलिपने काय कबूल केलं ते नीट बघा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच आहे. पोर्तुगालचे कायदे वेगळे राहतील, नाणं वेगळं राहील, मोठ्या जागांवर पोर्तुगीज माणसंच नेमली जातील, आणि गोवा, ब्राझील, आफ्रिका वगैरे जे काही आहे त्याचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहील. म्हणजे राजा एक पण राज्यं दोन. फिलिप दुसऱ्याने हे बऱ्यापैकी पाळलं. म्हणून स्पेनने पोर्तुगाल गिळला आणि साठ वर्षं जनता गुलामीत तळमळत होती हे चित्र मला पटत नाही, सुरुवातीला बऱ्याच व्यापाऱ्यांना आणि सरदारांना हा सौदा फायद्याचाच वाटला होता, स्पेनच्या अमेरिकेतली चांदी जवळ आली होती.

मग बिनसलं कशावरून? हे तुम्ही कुठे उभे राहून बघता त्यावर आहे. गोव्यातून बघितलं तर उत्तर आहे डच. स्पेनचं डचांशी जुनं वैर, पोर्तुगालचं तसं काही नव्हतं, पण राजा एक झाल्यावर स्पेनचे शत्रू ते पोर्तुगालचे शत्रू झाले, आणि पोर्तुगालची ठाणी किनाऱ्या-किनाऱ्यावर विखुरलेली असल्यामुळे मारायला सोपी. १६२२ मध्ये इराणी आणि इंग्रजांनी मिळून होर्मुझ घेतलं. १६३० मध्ये डचांनी ब्राझीलमधला उसाचा मुलूख पेर्नाम्बुकू घेतला. १६३६ पासून डच जहाजं दर मोसमात मांडवी नदीच्या तोंडाशी येऊन गोव्याची नाकेबंदी करायला लागली. आता जहाज लिस्बनहून निघून गोव्याला पोचायला सहा महिने लागतात, ते मोसमी वाऱ्यावर अवलंबून, आणि पोचल्यावर नदीच्या तोंडाशी डच उभे. ज्याचा पैसा त्या जहाजात आहे तो लिस्बनचा व्यापारी विचारणारच की दुसऱ्याच्या भांडणात आपण किती दिवस बुडायचं.

लिस्बनमधून किंवा खेड्यातून बघितलं तर उत्तर आहे टॅक्स आणि सैन्यभरती. फिलिप चौथ्याचा मंत्री ऑलिव्हारेस, हुशार माणूस, पण त्याला सगळी राज्यं एका साच्यात हवी होती, प्रत्येकाने ठरलेली फौज आणि ठरलेला पैसा द्यायचा. तोमारच्या कबुलीला हे सरळ छेद देणारं होतं. १६३७ मध्ये एव्होरा शहरात दंगा पेटला आणि दक्षिणेत पसरला. लोकांनी काढलेल्या जाहीरनाम्यांवर सही होती मानुएलिन्युची, म्हणजे शहरातल्या एका वेडसर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाची, म्हणजे खरे पुढारी कोण ते सरकारला कळू नये. तो दंगा मोडला गेला कारण सरदार मंडळी बाजूला उभी राहून बघत होती. सरदार हलले ते तीन वर्षांनी, जेव्हा झळ त्यांना लागली.

१६४० च्या जूनमध्ये कॅटालोनियाने स्पेनविरुद्ध उठाव केला. ऑलिव्हारेसने पोर्तुगीज सरदारांना हुकूम काढला, आपापली माणसं घेऊन कॅटालोनिया मोडायला या. हुकूम पाळला तर देशाबाहेर दुसऱ्याच्या लढाईत मरायचं, नाही पाळला तर बंडखोर ठरायचं. दोन्हीकडून धोका आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःसाठीच धोका पत्करला.

१ डिसेंबर १६४०, शनिवार, सकाळी नऊच्या सुमाराला चाळीसेक सरदार लिस्बनच्या नदीकाठच्या राजवाड्यात घुसले. राजवाड्यावर सैन्य असं फार नव्हतंच, कारण स्पेनची फौज कॅटालोनियाकडे वळलेली. त्यांना हवा होता मिगेल दे वास्कोन्सेलुश, राज्याचा सेक्रेटरी, जन्माने पोर्तुगीज आणि टॅक्स वसूल करणारा म्हणून सगळ्यांच्या डोळ्यात खुपणारा. तो कागद ठेवायच्या कपाटात लपला होता. तिथून त्याला ओढून काढला, गोळी घातली आणि प्रेत खिडकीतून खाली चौकात फेकलं. स्पेनच्या राजाची आतेबहीण मार्गारीता, मांतुआची डचेस, ती स्पेनच्या वतीने कारभार बघायची. तिच्याकडून किल्ल्यावरच्या स्पॅनिश शिबंदीला शरण या असं लिहून घेतलं. काही तासांत राजधानी हातात. १५ डिसेंबरला ब्रागांझा या पोर्तुगालच्या बड्या सरदार घराण्याचा ड्यूक जुआंव हा जुआंव चौथा म्हणून राजा झाला. तो स्वतः त्या सकाळी लिस्बनमध्ये नव्हताच, आपल्या गावी व्हिला व्हिसोझाला होता, त्याला राजी करायला कट करणाऱ्यांना बराच वेळ लागला होता. त्याची बायको लुईझा, ती तर जन्माने स्पॅनिश, मेदिना सिदोनियाच्या ड्यूकची बहीण, पण नवऱ्याला पुढे ढकलण्यात तिचा हात मोठा होता असं सगळेच मानतात, आणि पुढे तिचं काम बघितलं की ते खरं वाटतं.

गोव्यात ही बातमी १६४१ मध्ये पोचली आणि एकही गोळी न झाडता नव्या राजाच्या नावाने शपथा घेतल्या गेल्या. ब्राझीलनेही तेच केलं. फक्त आफ्रिकेच्या टोकावरचं सेउता स्पेनकडेच राहिलं, आजही आहे.

इथपर्यंतची गोष्ट वाचून लोक म्हणतात, झालं की मग स्वातंत्र्य. इथेच मी विद्यार्थ्यांना थांबवायचो. स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेणं आणि समोरच्याने ते मान्य करणं यात फार अंतर असतं, आणि माझ्या मते सगळा इतिहास त्या अंतरातच घडतो. माझी एक जुनी सवय सांगतो, कुठलाही असा उठाव बघायचा असला की मी त्याच वर्षी मोठी सत्ता कुठेकुठे गुंतली होती ते शेजारी लिहून काढतो. पोर्तुगालसाठी ते काढलं तर दिसतं, स्पेन कॅटालोनियात १६५२ पर्यंत अडकलेला, बार्सिलोना तेव्हा पडलं. डचांशी १६४८ पर्यंत. फ्रान्सशी १६५९ पर्यंत. म्हणजे पहिली जवळजवळ वीस वर्षं स्पेनला पोर्तुगालकडे पूर्ण ताकदीने बघायला सवडच मिळाली नाही. हा पोर्तुगालच्या नशिबाचा भाग. पण ती वीस वर्षं त्यांनी वाया घालवली नाहीत, हा त्यांच्या कर्तृत्वाचा भाग, आणि तो लोक विसरतात.

केलं काय त्यांनी? पहिल्याच महिन्यात युद्धमंडळ नेमलं. १६४१ च्या सभेत दशमांश कर लावला, उत्पन्नाच्या दहा टक्के, आणि तो सरदार आणि चर्चवाल्यांनाही लागू, जे त्या काळात सोपं नव्हतं. घरातली फितुरी मोडली, त्याच वर्षी स्पेनच्या बाजूने कट करणारे बडे सरदार, अगदी व्हिला रेआलच्या मार्क्विससकट, लिस्बनच्या भर चौकात मारले. आणि सीमेवर नवीन पद्धतीच्या तटबंद्या बांधल्या. जुन्या किल्ल्यांच्या उंच सरळ भिंती तोफेपुढे टिकत नाहीत, म्हणून बुटक्या, जाड, मातीने भरलेल्या, कोन काढलेल्या भिंती, म्हणजे वरून बघितलं तर चांदणीसारखा आकार, कुठल्याही कोपऱ्यावर चढाई केली तर बाजूच्या बुरुजावरून मारा होणारच. एल्व्हास हे शहर यासाठी प्रसिद्ध आहे, तिथली तटबंदी युनेस्कोच्या यादीत आहे. तिच्या कामावर कोस्मांदेर नावाचा फ्लँडर्सचा एक जेझुइट पंथाचा पाद्री आणि गणिती होता. तो पुढे स्पेनच्या हाती सापडला, बाजू बदलली आणि ऑलिव्हेन्सावर हल्ला करताना मेला, ज्यांच्यासाठी भिंती बांधल्या त्यांच्याविरुद्ध लढताना. दमणचा किंवा वसईचा किल्ला ज्यांनी निवांत बघितलाय त्यांना बुरुजाचे ते टोकदार कोन लगेच ओळखू येतील, विद्या एकच आहे.

या वीस वर्षांत मोठ्या लढाया फारशा नाहीत. १६४४ ला मोंतिजुची लढाई झाली, दोघांनीही आपण जिंकलो म्हणून सांगितलं. बाकी सगळे छापे. सीमेपलीकडून यायचं, गुरं हाकलून न्यायची, उभं पीक जाळायचं, गिरण्या मोडायच्या, मग यांनी तिकडे जाऊन तेच करायचं. अलेंतेजु प्रांतातल्या शेतकऱ्याने एक अख्खी पिढी असं जगून काढली. राजांच्या इतिहासात याला दोन ओळी मिळतात, पण मला विचाराल तर युद्ध म्हणजे खरं तेच होतं आणि स्वातंत्र्याची खरी किंमत त्या सीमेवरच्या गावांनी दिली.

दरम्यान बाहेर काय, तर कोणी धड मान्यता देईना. पोपने तर १६६९ पर्यंत दिली नाही, स्पेनला दुखवायचं नव्हतं, त्यामुळे पोर्तुगालमध्ये बिशप मेला की जागा रिकामीच राहायची. डचांशी १६४१ मध्ये दहा वर्षांचा तह झाला पण डचांनी त्याच वर्षी आफ्रिकेतलं लुआंडा घेतलं आणि मलाक्काही तेव्हाच गेलं. युरोपात मित्र आणि समुद्रावर शत्रू, अशी सगळी भानगड. मग राजाला निवड करावी लागली, ब्राझील की हिंदुस्थान. ब्राझीलला तो आपली दुभती गाय म्हणायचा, कारण साखरेच्या पैशावर युद्ध चाललं होतं. ब्राझीलच्या लोकांनी स्वतः उठून डचांना ग्वारारापिशला १६४८ आणि १६४९ मध्ये दोनदा हरवलं, १६५४ मध्ये पेर्नाम्बुकूतलं रेसिफे परत मिळालं, लुआंडासुद्धा ब्राझीलहून गेलेल्या आरमाराने १६४८ मध्ये परत घेतलं. हिंदुस्थानच्या वाट्याला उरलंसुरलं. १६५६ मध्ये कोलंबो गेलं, १६५८ मध्ये जाफना. लिस्बनला गोव्याबद्दल प्रेम नव्हतं असं नाही, पण जेवढी माणसं आणि जहाजं होती ती आधी स्पेनच्या सीमेवर, मग ब्राझीलला, आणि मग गोव्याला, हा क्रम होता. त्या काळातली गोव्याची पत्रं वाचली की एकच रड ऐकू येते, माणसं पाठवा, पैसा पाठवा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. ज्याला तुम्ही मोठी समुद्री सत्ता म्हणताय ती १६६० च्या सुमाराला घरच्याच अंगणात जीव वाचवत होती.

आता कळीची वर्षं. १६५६ मध्ये जुआंव चौथा वारला. मुलगा आफोंसु तेरा वर्षांचा, लहानपणीच्या आजाराने अधू, म्हणून लुईझा राणी कारभार बघायला लागली. १६५८ च्या शेवटी स्पेनने एल्व्हासला वेढा घातला, स्पेनचा मुख्य मंत्री लुईस दे हारो स्वतः आला. आत साथ पसरली, माणसं पटापट मरायला लागली. बाहेरून कुमक गोळा करायला कांतान्येदेच्या काउंटला, जो पुढे मारियाल्व्हाचा मार्क्विस झाला, हिवाळा लागला, आणि जे जमलं त्यात कवायती सैन्यापेक्षा गावोगावची भरतीच जास्त. १४ जानेवारी १६५९ ला सकाळी दाट धुकं होतं. स्पॅनिशांना वाटलं अशा धुक्यात कोण येतंय, आणि धुकं विरलं तेव्हा पोर्तुगीज रांगा खंदकापाशी होत्या. वेढ्याची फळी एका जागी फुटली आणि संध्याकाळपर्यंत सगळा वेढा उधळला, हारो तोफा, तंबू, कागदपत्रं टाकून सीमेपलीकडच्या बादाखोसकडे पळाला.

ही तारीख लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

कारण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पेन आणि फ्रान्सचा पिरेनीजचा तह झाला आणि त्यात फ्रान्सने कबूल केलं की पोर्तुगालला मदत करणार नाही. गुपचूप थोडीफार केली, शोंबर्ग नावाचा अव्वल सेनापती काहीशे माणसांसह १६६० मध्ये आला, पण उघडपणे पोर्तुगाल एकटा पडला. आणि स्पेन आता वीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण मोकळा. डचांशी अजून तह नाही. अशा वेळी लुईझा राणीपुढे पर्याय काय होते? शरण जाणं, किंवा कोणीतरी आरमारवाला मित्र मिळवणं, मागेल त्या किमतीत. इंग्लंडमध्ये १६६० लाच चार्ल्स दुसरा गादीवर परत आला होता, अविवाहित होता आणि त्याला पैशाची नड होती. स्पेनचा वकील लंडनमध्ये त्याला दुसऱ्या मुली सुचवत होता, आणि ब्रागांझाच्या मुलीशी, म्हणजे लुईझाच्या मुलीशी, कॅथरिनशी, लग्न होऊ नये म्हणून जोर लावत होता. तेव्हा किंमत चांगलीच चढवावी लागली.

२३ जून १६६१ चा तो इंग्लंडशी झालेला लग्नाचा तह. कुठल्याही तहाबद्दल किस्से ऐकण्याआधी कलमं वाचायची, आणि दोन्ही बाजूंची देणी शेजारी शेजारी मांडायची, ही माझी पद्धत. पोर्तुगालने काय दिलं, वीस लाख क्रुझादु (पोर्तुगीज नाणं), मोरोक्कोतलं टँजियर, मुंबईचं बंदर आणि बेट, आणि इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगीज मुलखात सवलती. रोकड एवढी नव्हतीच, पहिल्या हप्त्याचा बराचसा भाग साखर आणि इतर मालाच्या रूपात जहाजात भरला. इंग्लंडने काय दिलं, दोन हजार पायदळ, एक हजार घोडदळ, दहा लढाऊ जहाजं, आणि पोर्तुगालचं रक्षण करायचं वचन. मुंबईच्या कलमात तर कारणच लिहिलंय, की इंग्लंडच्या राजाला त्या भागातल्या पोर्तुगीज प्रजेचं डचांपासून रक्षण नीट करता यावं. म्हणजे लिस्बनचा हिशेब असा होता की एक बंदर जाईल पण त्या बंदरात बसलेला इंग्रज उरलेला गोवा-वसई डचांपासून राखेल. कागदावर हिशेब चुकीचा नव्हता. प्रत्यक्षात १६६३ च्या जानेवारीत डचांनी कोची घेतलं, पाठोपाठ कण्णूर घेतलं, आणि इंग्रज काही मदतीला धावले नाहीत.

गोव्याच्या व्हाइसरॉयला, आंतोनियू दे मेलु इ काश्त्रुला, हे आधीच दिसत होतं. १६६२ च्या सप्टेंबरमध्ये इंग्रजांचं आरमार मुंबईत आलं तेव्हा त्याने ताबा द्यायला नकार दिला, तुमचं अधिकारपत्रच बरोबर नाही वगैरे सांगून. ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन आणि त्याच्या शेकडो सैनिकांना कुठेच उतरू देईनात, शेवटी ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर राहिले. पावसाळा, ताप, धड अन्न नाही. शिपमन तिथेच १६६४ मध्ये वारला आणि मुंबईत शेवटी पोचले ते जेमतेम शंभर-सव्वाशे. १८ फेब्रुवारी १६६५ ला त्याचा सेक्रेटरी हंफ्री कुक याने ताबा घेतला, मुंबई बेटाची मालकीण दोना इग्नेझ दे मिरांदा हिच्या वाड्यात. व्हाइसरॉयने राजाला कळवलं होतं की इंग्रज मुंबईत स्थिरावले त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला समजा. राजाचा हुकूम होता म्हणून दिली. ज्या कोळ्यांची, भंडाऱ्यांची, आगऱ्यांची ती बेटं, त्यांना यातलं कोणी काही विचारलं नाही, लिस्बननेही नाही आणि लंडननेही नाही. हे मी प्रत्येक वेळी सांगतो कारण तहाची चर्चा करताना आपण नकाशावर बोट ठेवून बोलतो आणि तिथे माणसं राहत होती हे राहून जातं.

आता युरोपात परत जाऊ. इंग्रज सैनिक आले, त्यातले बरेच इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या क्रॉमवेलच्या फौजेतून आलेले, अनुभवी लोक. १६६३ मध्ये स्पेनच्या राजाचा मुलगा दों हुआन याने एव्होरा घेतलं, लिस्बनमध्ये घबराट. पण तीन आठवड्यांत, ८ जूनला, अमेशियालला त्याचा पराभव झाला, तिथे चढावरून वर जाणाऱ्या इंग्रज तुकड्यांनी फार मोठं काम केलं. १६६४ मध्ये कास्तेलु रोद्रिगुला अजून एक विजय. आणि १७ जून १६६५ ला मोंतेश क्लारुशला मारियाल्व्हा आणि शोंबर्गने स्पेनची शेवटची मोठी फौज मोडली. त्याच सप्टेंबरमध्ये फिलिप चौथा वारला, गादीवर चार वर्षांचंही न झालेलं आजारी मूल, तिजोरी रिकामी. तरी तह व्हायला अजून अडीच वर्षं गेली, मध्ये पोर्तुगालमध्येच गडबड, आफोंसुला बाजूला करून भाऊ पेद्रूने कारभार घेतला. इंग्लंडच्या मध्यस्थीने १३ फेब्रुवारी १६६८ ला लिस्बनचा तह झाला, स्पेनने पोर्तुगालला स्वतंत्र राज्य म्हणून मान्य केलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २७ मार्च १६६८ ला, चार्ल्सने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, त्याला ती सांभाळणं परवडत नव्हतं.

तर मग पोर्तुगाल इंग्लंडच्या जोरावर सुटला का? असं बरेच लोक म्हणतात, विशेषतः इंग्रजी पुस्तकं वाचणारे. म्हणून मी एल्व्हासची तारीख लक्षात ठेवा म्हटलं. १६५९ च्या जानेवारीत एकही इंग्रज सैनिक तिथे नव्हता, शोंबर्ग आला नव्हता, राजा लहान, शहरात साथ, आणि गावोगावच्या भरतीने स्पेनच्या मुख्य मंत्र्याची फौज पळवली. चार्ल्सने १६६१ मध्ये तह केला तो पडणाऱ्या राज्याशी केला नसता. मदत नंतर आली, आणि आली कारण आधी वीस वर्षं हे राज्य पडलं नव्हतं. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात स्पेनच खिळखिळा झाला होता, कोणीही जिंकलं असतं. पण मग कॅटालोनिया बघा. उठाव त्याच वर्षी, शत्रू तोच, लोक तितकेच चिडलेले, आणि बारा वर्षांत परत स्पेनमध्ये. फरक काय, तर कॅटालोनियाने स्वतःला फ्रान्सच्या राजाच्या स्वाधीन केलं आणि त्याच्या लढाईचा हिशेब पॅरिसमध्ये होत गेला. पोर्तुगालकडे स्वतःचा राजा होता, साठ वर्षांपूर्वीपर्यंत वेगळं राज्य असल्याची जिवंत आठवण होती, तोमारमुळे शाबूत राहिलेला स्वतःचा कारभार होता आणि ब्राझीलची साखर होती. या चारातलं एक जरी नसतं तर निकाल काय लागला असता हे मी छातीठोक सांगणार नाही, पण माझं मत विचाराल तर ब्राझील गेलं असतं तर पैशावाचून सगळं कोसळलं असतं.

वर्षाचं उत्तर मग सरळ आहे. परीक्षेला स्वातंत्र्याची घोषणा किंवा ब्रागांझा घराण्याची सुरुवात विचारली तर १६४०, स्पेनची मान्यता किंवा युद्धाचा शेवट विचारला तर १६६८. पोर्तुगाल स्वतः १ डिसेंबर पाळतो. मंदीच्या काळात काटकसर म्हणून २०१३ पासून ती सुट्टी बंद केली होती, २०१६ मध्ये परत सुरू झाली.

आणि तुम्ही शेवटी सहज विचारलंय की मुंबई दिली तर साष्टी, वसई का नाही दिली. तहात शब्द मुंबईचं बंदर आणि बेट एवढेच होते. इंग्रजांचं म्हणणं साष्टीही त्यातच येते, व्हाइसरॉयचं म्हणणं अजिबात नाही, माहीमसुद्धा नाही. कुकने ताबा घेताना पोर्तुगीजांच्या बऱ्याच अटी मान्य केल्या, त्या लंडनने नंतर फेटाळल्या, आणि कुकने माहीम तर बळकावलंच. पण खाडीच्या पलीकडे इंग्रज गेले नाहीत. वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतची साष्टी आणि उत्तरेला वसई पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला तोपर्यंत.